पूजेतली ॲलन की

खंडेनवमीच्या दुपारी मोनिकाने सायकल उतारावर सोडली आणि ती थांबेचना. ब्रेक दाबलेला होता. दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेला होता, आणि सायकल आपली चाललीच होती. शेवटी चपला घासत, उताराखालच्या मोरीच्या कठड्याला पाय लावून ती कशीबशी थांबली. कठड्यापलीकडे अंबेठाणचा रस्ता होता आणि त्यावरून कंटेनर धावत होते. त्यांना कुठली आलीय खंडेनवमी!

सायकल तिच्या नवऱ्याची, जयदीपची. एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल धरून, पाठ वाकवून तो लग्नाआधी शर्यती मारायचा. दोन वर्षांपूर्वी नाशिक हायवेवर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि मान कायमची दुखावली. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून सायकल गोठ्याच्या आढ्याला पोतं पांघरून टांगलेली होती. जयदीप त्या पोत्याकडे चुकूनसुद्धा बघायचा नाही. आवडतं माणूस रुसल्यावर आपण त्याच्या दारावरून मान फिरवून जातो, तसं. मोनिकाला एवढं पुरेसं होतं.

तिने ठरवलं, वाकता येत नाही ना, मग हँडलच सरळ करू. चाकणच्या कंपनीत गाड्यांचे भाग तपासायचं काम ती करायची, पान्यांशी तिचा रोजचा घरोबा होता. सरळ दांडी सहज मिळाली. गिअरच्या खटक्यांनी मात्र तिचा घाम काढला. नव्या खटक्याच्या एका टकटकीला जुन्या गिअरची चेन बरोबर एक घर सरकली पाहिजे, नाहीतर नुसती खडखड. खूप खेपा घातल्यावर पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात जुळणारी जोडी सापडली. त्या आनंदात ब्रेकच्या नव्या लिव्हर तिने नुसत्या हाताने दाबून पाहिल्या. दाबायला घट्ट, म्हणजे पक्क्या, असा तिने हिशेब केला.

आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. मोरीवर बसून तिने लिव्हर खालून पाहिली, तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत स्क्रूसाठी दोन भोकं होती, दोन जातींच्या ब्रेकसाठी. स्क्रू चुकीच्या भोकात होता. त्यामुळे लिव्हर तार जास्त ओढायची आणि जोर अर्धाच द्यायची. हाताला दगडासारखी घट्ट, पण चाक काही धरायचं नाही. भाग चपखल बसतो, पण त्या गाडीचा नसतो, हे पकडण्याचाच तर ती पगार घ्यायची! स्वतःच्या घरात मात्र तिला ते दिसलं नाही. तिला स्वतःचाच संताप आला.

उपाय दहा मिनिटांचा होता. स्क्रू काढायचा, शेजारच्या भोकात लावायचा, तार थोडी नीट करायची. त्यासाठी हवी होती फक्त ॲलन की, षटकोनी टोकाची ती वाकडी किल्ली. आणि ॲलन कीचा अख्खा जुडगा विळा, कुऱ्हाड, पाने-पकडींसोबत ओसरीवर हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून पूजेला बसला होता. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या शिलंगणाआधी उचलायचं नसतं. वाडीतल्या प्रत्येक घरात आज हेच. गॅरेजांना कुलपं, कंपनीत मशिनांना हार. मागायला जायचं तरी कुणाकडे?

उद्या पहाटे जयदीप शर्यतींतला जुना सोबती धनेश आणि मंडळींबरोबर याच सायकलवरून भंडारा डोंगर चढणार होता. चढणार म्हणजे उतरणारही होता.

ती सायकल ढकलत घरी आली, तर ओसरीवर पूजेशेजारी सासरे बसले होते, आबाजी. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. ऐन तारुण्यात एका खंडेनवमीला बैल उपाशी आहेत म्हणून त्यांनी कडबाकुट्टी चालू केली होती, आणि दोन बोटं कडब्याबरोबर गेली. त्यानंतर या घरात पूजेतल्या सुईलाही कुणी हात लावला नव्हता. तरी मोनिका सरळच बोलली.

"आबा, मला ॲलन की हवीय. सायकलच्या ब्रेकमध्ये माझ्या हातून चूक झालीय."

"उद्या शिलंगन झाल्याव घे."

"उद्या पहाटेच निघायचंय त्यांना. डोंगराचा उतार आहे, आबा."

"मग जाऊ नगं म्हनावं त्याला."

आवाज ऐकून जयदीप गोठ्यातून आला. मोनिकाने त्याला सगळं सांगितलं. त्याने सायकलचा ब्रेक दाबून पाहिला आणि हसला. "दगडावानी घट्ट हाय की! ह्याला काय धाड भरलीय?"

"घट्ट लागतो, पण थांबवत नाही. अहो, मी आत्ताच मोरीपर्यंत घसरत गेले."

"तुला सवय न्हाई, म्हनून."

"उद्याचं राहू द्या. परवा जा."

जयदीपचं हसू मावळलं. "दोन वर्सं हेच ऐकतोय. हे करू नगं, तिकडं जाऊ नगं, मान सांभाळ. घरात एकटी तूच तसं म्हनत नव्हतीस. आता तू बी सुरू झालीस व्हय?"

ते तिच्या फार वर्मी लागलं.

"सनासुदीचं भांडू नगा रं," आतून सासूबाई, गोजाबाई, म्हणाल्या.

"भांडन कशाला? थांबवूनच दाखवतो," म्हणत जयदीपने सायकलवर टांग टाकली. मोनिका सीट धरायला धावली. बोटं सीटला लागली आणि निसटली.

उतार तसा लहानच, पण सायकलने लगेच वेग धरला. पाठ ताठ ठेवून जयदीप ऐटीत चालला होता. अर्ध्यावर त्याने ब्रेक दाबला. त्याचे खांदे वर आलेले मोनिकाला मागून दिसले. त्याने आणखी जोर लावला. सायकल मोरीकडे निघालीच होती, आणि चाकणकडून एक कंटेनर भोंगा वाजवत येत होता.

"पाय टाका! पाय टाका!" मोनिका ओरडत धावली.

जयदीपने शेवटच्या क्षणी हँडल डावीकडे ओढलं आणि शेजारच्या भीमराजच्या कडब्याच्या गंजीत सायकलसकट घुसला. कंटेनर धुरळा उडवून निघून गेला. ती पोहोचली तेव्हा तो कडब्यातून उठत होता. एक हात मानेवर, तोंडावरचा रंग उडालेला.

"थांबलीच न्हाई गं," तो लहान पोरासारखा म्हणाला.

दोघं सायकल ढकलत वर आली, तर आबाजी पूजेसमोर अनवाणी उभे होते. ओठ पुटपुटत होते. त्यांनी तीन बोटांनी जुडग्यावरचा झेंडू बाजूला केला आणि जुडगा उचलला.

"अवो, ह्ये काय करताय!" गोजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

जयदीपने हात पुढे केला. आबाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, जुडगा मोनिकाच्या हातात ठेवला. "तू बसिवलंस, तूच नीट कर. देवाचं मी बघतो. तू ब्रेकचं बघ."

मोनिकाने स्क्रू काढून शेजारच्या भोकात लावला. स्क्रू फिरला तेव्हा त्याच्या खाचेत कुंकू भरलं. काम झाल्यावर लिव्हर दाबायला मऊ लागली आणि चाक जागच्या जागी थांबलं. उतारावरून आधी ती गेली, मग जयदीप, मग पुन्हा ती. सायकल दर वेळी मोरीच्या कितीतरी अलीकडे थांबली. आबाजींनी जुडगा पुसून पुन्हा पूजेत ठेवला आणि त्यावर नवं फूल वाहिलं.

दसऱ्याच्या पहाटे सायकलला हार घालून जयदीप निघाला. आबाजी मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. ऊन वर आलं तरी उठेनात. मोनिका चहा घेऊन गेली. त्यांनी पेला कठड्यावर ठेवून दिला.

"येतील आता. ब्रेक चांगला झालाय, आबा."

"त्या वर्साला बी सकाळी काय झालं नव्हतं," ते म्हणाले. "दुपारी झालं."

मोनिकाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिने स्वतः स्क्रू तीनदा तपासला होता. तरी तिला घरी परत जाववेना. ती त्यांच्याशेजारी बसली. रस्त्यावर आलेली प्रत्येक सायकल लांबून जयदीपचीच वाटायची आणि जवळ आली की दुसऱ्याची निघायची. चहावर साय धरली. सूर्य डोक्यावर आला तसे आबाजी आपल्या तुटक्या बोटांचे खुंट अंगठ्याने चोळू लागले, आणि मोनिकाने मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

मग तो आला. घामाने निथळलेला, मान ताठ, तोंडभर हसू. त्याने आबाजींच्या अगदी पायाशी ब्रेक दाबला आणि सायकल जागेवर उभी राहिली.

"आबा, काय उतार व्हता!"

आबाजी उठले. त्यांनी हँडलवरून त्याचे दोन्ही हात काढून आपल्या हातात घेतले, पालथे केले, उताणे केले. मग मान खाली घालून, एक एक करत, त्याची सगळी बोटं चाचपून पाहिली.