बरोबर आकडा, चुकीचा काठ

मित्रांनो, हातात मावेल एवढा, पिवळ्या अंगाचा, खाली धातूचे दोन दात असलेला मी एक जुना मीटर आहे. मला पाण्यात बुडवलं की त्यात क्षार किती ते मी सांगतो. त्याहून जास्त मला काही कळत नाही.

गुरं पाळणाऱ्यांसाठी एका गोठ्यात वर्ग भरला होता. पाणी तपासायला शिकवणाऱ्या मॅडमनी मला मालकांच्या हाती सोपवलं. "जिथं गाय तोंड लावते तिथलंच पाणी घ्या," त्या म्हणाल्या, "आणि आधी डोळ्यांनी बघा." मालकांनी मान डोलावली.

पाच वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. एकदा खारट होत चाललेली विहीर वेळेवर ओळखली, तेव्हा मालकांनी मला शेजाऱ्यांना दाखवत फिरवलं. मीही भाव खाल्ला, कबूल करतो. हळूहळू ते पाण्याकडे बघेनासे झाले, फक्त माझ्याकडे बघू लागले. मला ते आवडलं.

सहाव्या वर्षी कुरणातलं तळं बरंच आटलं. पलीकडे गुरं पाणी पीत त्या काठाला गुडघाभर चिखल झाला. मालकांच्या पायात नवे बूट होते. त्यांनी बांधावरूनच वाकून मला अलीकडच्या नितळ पाण्यात बुडवलं.

"अहो, पलीकडे हिरवी साय धरलीय," मालकीणबाई म्हणाल्या. "वारा सगळं तिकडेच लोटतोय."

"अगं, हा नऊशे दाखवतोय. चांगलं पाणी आहे. तू उगाच घाबरतेस."

आकडा बरोबर होता. मी मिरवत तो दाखवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भुरी गाय पलीकडच्या काठावर मरून पडलेली सापडली. मालकीणबाईंनी तिला लहानपणी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्या तिच्या डोक्याशी बसून राहिल्या. 'मी सांगितलं होतं' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

"हे विषारी शेवाळ आहे," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "पाणी कुठलं तपासलंत?"

"इथलंच," मालक म्हणाले. "मीटर चांगलं म्हणाला."

मी त्यांच्या खिशातच होतो. मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं.

बातमी पसरली. मीटरचा भरवसा नाही म्हणून शेजाऱ्यांनी आपापले मीटर अडगळीत टाकले आणि पाणी तपासणंच सोडून दिलं. त्यांच्या तळ्यांवरही साय धरू लागली होती.

मॅडमनी सगळ्यांना पुन्हा त्याच गोठ्यात बोलावलं. किती क्षार आहे ते आधीच ठाऊक असलेल्या पाण्यात त्यांनी मला बुडवलं. आकडा तंतोतंत आला. "मीटर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आणि शेवाळाचं विष याला कळतच नाही, हे मी तेव्हा ठासून सांगायला हवं होतं."

मालक उठले. त्यांनी शेजाऱ्यांकडे नाही, बायकोकडे बघितलं.

"मी पलीकडे गेलोच नाही," ते म्हणाले. "बूट भरतील म्हणून. गेलो असतो तर दिसलं असतं."

दोघे शेजारी तेवढ्यातच उठून आपली गुरं तळ्यावरून हलवायला गेले.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, वरचेवर तपासून घ्या. पण माझ्यावर सगळा भार टाकू नका. मालक चिखलात उतरले असते तरी मी नऊशेच म्हणालो असतो. भुरीला वाचवणारं काही माझ्यापाशी नव्हतं, ते मालकीणबाईंच्या डोळ्यांत होतं. त्या बोलत होत्या तेव्हा मालक माझ्याकडे बघत होते.