बोटभर माया

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कौतुक एकतर्फी वाटणार नाही. त्या भांडी घासताना बोलतात, झोपेत बोलतात आणि तोंडात टाचण्या धरूनही बोलतात. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात त्या कामाला आहेत आणि तिथल्या खडखडाटात आवाज चढवायची सवय लागली, असं त्यांचं म्हणणं. आम्हा दोघींचं एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं कसं निभलं याचं लोकांना नवल वाटतं. मलाही वाटतं, कारण माझ्याही तोंडाला काही कुलूप नाही.

मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवते. कामासाठी म्हणून मी एक नवी जीन्स घेतली होती. शाईसारखी गडद निळी आणि इतकी ताठ की कोपऱ्यात उभी केली तर उभी राहिली असती. एक-दोनदा घातली असेल नसेल, तोच पोटाचं दुखणं उपटलं आणि दवाखाना गाठावा लागला. तिथून घरी आले ती निम्मी होऊन. "अगं, पाप्याचं पितर झालीस," जाऊबाई दारातच म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ चपला नीट लावत राहिल्या.

कामावर परत घेतलं, पण फोर्कलिफ्टवर नाही. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, "अंगात ताकद येऊ दे, वजन भरू दे. मशीन कुठे पळून जात नाही." तोवर खोक्यांवर लेबलं चिकटवायची. माझी फोर्कलिफ्ट आता दुसराच कोणी चालवायचा आणि प्रत्येक वळणावर कचकन ब्रेक मारायचा. तो ब्रेक मला पोटात लागायचा. मला पुन्हा त्या सीटवर बसायचं होतं, बाकी काही नको होतं. आणि आरशात बघितलं की वाटायचं, ही बाई काही पुन्हा तिथे बसत नाही.

जीन्सची तर थट्टाच झाली होती. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली, तर कमरेला पिशवीच्या तोंडासारख्या चुण्या पडायच्या आणि मागे नुसतं पोतं लोंबायचं. एकदा खोकं उचलायला वाकले आणि सगळा डोलारा घसरला. कोणी पाहिलं नाही, पण घरी येऊन मी ती जीन्स भिरकावून दिली. नवरा म्हणाला, शिंप्याकडे टाक. परक्या माणसासमोर हाडं मोजून घ्यायला मी उभी राहणार नव्हते.

"आण इकडे," जाऊबाई म्हणाल्या. "उलटी करून घाल आणि ताठ उभी राहा. पोट आत ओढायचं नाही."

"आत ओढायला पोट कुठे उरलंय?"

"बोलू नकोस, हलतेस."

स्वतः मात्र त्या अखंड बोलत होत्या. वाळत घालायचे चिमटे घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंनी आणि मागून जास्तीचं कापड चिमटीत धरलं. मग मला बसायला लावलं, उठायला लावलं, शिडीवर चढल्यासारखा एक पाय खुर्चीवर ठेवायला लावला. "फोर्कलिफ्टवर चढतेस ना? मग तसं बघायला नको?" हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. झिजून चकती झालेल्या साबणाने त्यांनी खुणा केल्या. एकीपाशी एक, अशा कितीतरी रेघा. मला वाटलं, हात चुकतोय.

मग कामाला लागल्या. पट्टा अडकवायचे मागचे आणि बाजूंचे लूप त्यांनी एकेक टाका काढून सोडवले आणि वाटीत ठेवले. जिथे कापडाच्या घड्या जाड होत होत्या, तिथे खाली पाट घालून हातोडीने ठोकलं. चटणी कुटावी तशा त्या शिवणी ठेचत होत्या. त्यावर मेणबत्ती घासली, म्हणजे सुई अडत नाही. कमरेच्या पट्टीवर मशीन कुरकुरायला लागली, तेव्हा पायडल सोडून चाक हाताने फिरवत एकेक टाका घातला. आमची ती घरगुती मशीन, तिच्यावर उशीचे अभ्रे शिवायचे. तिच्याकडून त्यांनी जाड जीन्स शिवून घेतली आणि एक सुईही मोडली नाही. मी गुपचूप बघत होते. एखाद्याच्या हातात कसब असतं म्हणतात, ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं.

जीन्स घातली तर अंगाबरोबर बसली. मागचं पोतं गेलं, चुण्या गेल्या, मी माणसात आले. फक्त आतून बाजूला काहीतरी जाड टोचत होतं. उलटी करून बघितली तर जास्तीचं सगळं कापड आत तसंच, आणि त्यावर शेजारी शेजारी तीन शिवणी.

"हे कापायचं राहिलं, वहिनी."

"राहिलं नाही. माया ठेवलीय."

"एवढी? शिंपी बोटभर ठेवतात."

"मी शिंपी आहे का?"

"आणि तीन-तीन शिवणी कशाला?"

"मजबुतीला. गाडीची सीट अशीच शिवतो आम्ही."

"तुमची माया टोचते मला," मी म्हणाले. नवरा जेवताना ठसका लागेस्तोवर हसला. जाऊबाईंनी त्यावर आतून एक मऊ सुती पट्टी लावून दिली, आणि विषय तिथेच संपला.

मी रोज तीच जीन्स घालायला लागले. हळूहळू भूक लागायला लागली. जाऊबाई माझ्या ताटात न विचारता वाढायच्या आणि मी नको म्हटलं की त्यांना नेमकं तेव्हाच ऐकू यायचं नाही. एके दिवशी बटण लावताना श्वास धरावा लागला. मला खरंच वाटेना. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. जाऊबाईंनी कमरेत दोन बोटं घालून पाहिली, बोटं आत जाईनात. त्यांनी जीन्स उलटी केली आणि अंगाकडची शिवण तेवढी ब्लेडच्या टोकाने उसवली. पाच मिनिटांचं काम.

"आणि बाकीच्या दोन?"

"त्या पुढच्या," त्या म्हणाल्या. "घालून बघ."

घातली. दुसऱ्या शिवणीने मला बरोबर धरलं. ती तिथे आधीपासूनच माझी वाट बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मजबुती कसली आणि सीट कसली. मी पाप्याचं पितर होऊन समोर उभी होते, तेव्हाच या बाईने माझ्या भरलेल्या अंगाची मापं आत शिवून ठेवली होती. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

इथेच सगळं सुरळीत झालं असतं तर बरं होतं. पण मध्येच ताप आला, लांबला, आणि कमावलेलं सगळं घेऊन गेला. जीन्स पुन्हा ढिली झाली. सुपरवायझरने लेबलांचं नवं बंडल माझ्यापुढे ठेवलं. त्या संध्याकाळी मी कात्री घेऊन बसले.

"काय करतेस?"

"कापून टाकते. पुरे झालं. मी आता आहे ही अशीच आहे."

जाऊबाईंनी माझ्या हातातून कात्री घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. शब्दशः बसल्या. "मला उठव आणि घे," म्हणाल्या. त्यांना उठवायची ताकद माझ्यात त्या दिवसांत नव्हती आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग तशाच बसल्या जागेवरून त्यांनी मशीन पुढे ओढली, आणि उसवलेली शिवण जुन्याच भोकांवरून पुन्हा घातली. मी त्यांना नको नको ते बोलले. त्या मात्र शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगत राहिल्या.

ती शिवण पुन्हा उसवली, मग दुसरी. यावेळी अंगाने जे धरलं ते धरलं. तिसरी उसवली त्या दिवशी सुपरवायझरने मला नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "उद्यापासून ये मशीनवर." घरी आले ती अंगावर मूठभर मांस चढवूनच.

तिसरी शिवण निघाल्यावर आत कंपनीची मूळ शिवण तेवढी उरली. पण जीन्सचा अवतार बघण्यासारखा झाला होता. धुऊन धुऊन ती फिकी पडली होती, आणि आत दडलेलं कापड मात्र दुकानातून आणलं तसंच राहिलं होतं. मागे कमरेखाली आणि दोन्ही बाजूंना मांडीपर्यंत शाईसारखे गडद पट्टे, आणि त्यावर सुईच्या भोकांच्या बारीक रांगा. जाऊबाईंना ते अगदी लागलं. "फारच दिसतंय गं. रंग लावून देऊ?"

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. मग खूप दिवस मनात होतं ते विचारलं. "खरं सांगा वहिनी, तुम्हाला खात्री होती?"

आणि आमच्या जाऊबाई गप्प बसल्या. मी घड्याळ बघितलं नाही, पण लग्न होऊन आल्यापासूनची ती सगळ्यात मोठी शांतता असावी. त्या वाटीतले लूप एकेक करून कमरेला लावत होत्या.

"खात्री कुठली," शेवटी म्हणाल्या. "तुझ्या तापात तर मी ही जीन्स आणि कात्री घेऊन मोरीत जाऊन उभी होते. म्हटलं, कापून टाकावं, तुला टोचतं तरी कशाला. पण कापलं असतं तर तू आता अशीच राहणार, हे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं." मग त्यांनी दाताने दोरा तोडला आणि पिल्लांपैकी एक आपण घ्यावं का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी फोर्कलिफ्टवर चढले. पाय तसाच उचलला, जसा त्यांनी खुर्चीवर ठेवायला लावला होता, आणि कुठेच काही ओढलं नाही. जो माणूस इतके दिवस माझी मशीन चालवत होता, तो बाजूला उभा राहून माझ्या मांडीकडे बघत होता.

"हे काय, पट्ट्यांची फॅशन आलीय का?"

"माया आहे," मी म्हणाले. "आमच्या जाऊबाईंनी ठेवलेली." आणि वळणावर ब्रेक कसा हळू लावायचा, ते त्याला दाखवलं.