शेकोटीचं जळण

उन्हाच्या देशात चाललोय म्हणून कॉलिनने पेटीत सुती सदरे भरले, मोठी टोपी भरली, आणि आईने मायेने विणलेला स्वेटर स्कॉटलंडातच ठेवून आला. प्रवरेकाठच्या कोल्हारात जानेवारीची थंडी कशी असते, हे त्याला कोण सांगणार? एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. पत्र्याच्या खोलीत फटीफटीतून वारा शिरायचा आणि बर्फात वाढलेला हा ताडमाड गडी दात वाजवत पडून राहायचा. त्याच्या गावी थंडी दाराबाहेर थांबायची. इथे ती अंथरुणात यायची.

भाषेचीही तीच गत. गावातल्या पोरांना पाण्याची इंजिनं दुरुस्त करायला शिकवावं म्हणून एका परदेशी संस्थेने त्याला पाठवलं होतं. आधी पुण्यात नीलांबरीबाईंकडे तो मराठी शिकला होता, तेही मन लावून. बाई प्रत्येक शब्द धुऊन-पुसून समोर ठेवायच्या. कोल्हारात पहिल्याच सकाळी कुणीतरी म्हणालं, "लई गारठा हाय बगा. सांच्याला नदीकडं गेल्तो तर पार काकडलो." कॉलिनला वाटलं, आपण भलत्याच देशात उतरलो.

कान हळूहळू सरावले. दुखणं निराळंच होतं. चावडीसमोर पहाटे शेकोटी पेटायची. कारभारी, रंगनाथ, सहादेव भोवती उकिडवे बसायचे, एकमेकांना 'रंग्या', 'सहाद्या' म्हणत यथेच्छ टर उडवायचे. कॉलिन आला की सगळे चिडीचूप. मग कुणीतरी त्याच्याकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने आणि सावकाश विचारायचं, "साहेब, आपलं जेवन झालं का?" पहाटेच्या पारी! उत्तर दिलं की पुन्हा शांतता. मान होता, पण गप्पांत जागा नव्हती. नुसतं साहेब होऊन माणसाने किती दिवस काढावेत? शेवटी त्याने पुण्याच्या कचेरीला कळवून टाकलं की इथे आपलं जमत नाही. कचेरीतले शामकांत रविवारी जीप घेऊन न्यायला येणार, असं ठरलं.

शनिवारी, निरोपाच्या जड मनाने बसला असताना, त्याला एक गोष्ट दिसली. शेकायला येणारा प्रत्येकजण काखेत काहीतरी घेऊन येत होता. कुणी तुराट्या, कुणी उसाचं पाचट, कुणी निदान मूठभर काटक्या. ते आगीत टाकायचं आणि मग टेकायचं. आणि आपण मात्र रोज हात हलवत येऊन फुकट शेकलो! कुणी चकार शब्द काढला नव्हता, कारण पाहुण्याकडे जळण मागायचं कसं? कॉलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना तरी आपला वाटा टाकून जावा, असं त्याने ठरवलं.

रविवारी पहाटे तो अंधारातच उठून अनवाणीच बाहेर पडला. खोलीमागच्या शेताच्या कडेला बाभळीच्या वाळक्या फांद्या पडल्या होत्या. कुणीतरी तोडून टाकून दिल्यात, असं त्याला वाटलं. हात रक्तबंबाळ झाले, पण गड्याने भलामोठा भारा फरफटत चावडीपर्यंत नेला. जाळ असा भडकला की मंडळी मागे सरली.

"आरं, सायबानं जळान आनलं!" कारभारी कौतुकाने म्हणाला. कॉलिनची छाती फुगली.

उजाडता उजाडता छबूबाईची आरोळी आली. छबूबाई त्याची शेजारीण. रोज पदर सावरत, "साहेब, भाकरी ठिवलीय," एवढंच बोलून दाराशी ताट ठेवून जायची. त्या फांद्या म्हणजे तिच्या हरभऱ्याचं कुंपण होतं. मोकळ्या वाटेने गावच्या शेळ्या आत शिरल्या होत्या. त्यांना हाकलून, वाटेत सांडलेल्या काट्यांचा माग काढत, ती तरातरा शेकोटीपाशी आली आणि कॉलिनचे रक्ताळलेले हात बघून त्याच्यापुढेच उभी राहिली.

"आरं मुडद्या! डोळं फुटलं हुतं का तुजं? माजं कुंपन जाळून शेकतोय! घोड्यावानी वाढलास, अन् कुंपन वळकंना तुला? समदा हरबरा खाल्ला की रं शेरडांनी! आईनं ह्येच शिकवून धाडलं व्हय रं, कालिन्या?"

आणि मग आपण कुणाला बोललो ते ध्यानात येऊन तिने तोंडावर पदर धरला. सगळे टकामका बघू लागले. "साहेब, मनावर नका घिऊ," सहादेव चाचरत म्हणाला.

कॉलिनचे डोळे भरून आले होते. एवढ्या भराभर बोललेला शब्द न् शब्द त्याला कळला होता. त्याहून मोठं म्हणजे, या गावात पहिल्यांदाच कुणी त्याच्याशी जिभेला लगाम न लावता बोललं होतं. हरभऱ्याचं वाईट वाटत होतं, आणि तरी आनंद मावत नव्हता.

"मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. "पण थांबू नका. अजून बोला."

"बोलती तर! भिती काय तुला?" छबूबाईने पदर खोचला. "ऊठ, घी कोयता! काट्या कोन तोडंल, तुजा बा?"

शेकोटीभोवती एकच हशा पिकला. "कालिन्या, पायात घाल काय तरी," रंगनाथ ओरडला, आणि स्वतःच्या वहाणा त्याच्याकडे भिरकावल्या.

दुपारी शामकांतांची जीप बांधाशी येऊन थांबली. कॉलिन काट्यांत गुडघाभर उभा, सदरा फाटलेला, अंगावर ओरखडेच ओरखडे. छबूबाई कमरेवर हात ठेवून फांदी कुठे रोवायची ते दाखवत होती.

"अरेरे, ही काय दशा!" शामकांत कळवळले. "चला मिस्टर कॉलिन, सामान भरलंत ना?"

कॉलिनने उत्तरासाठी तोंड उघडलं. पण छबूबाईने त्याला बोलूच दिलं नाही.

"त्यो न्हाई यायचा," ती म्हणाली. "निम्मं कुंपन ऱ्हायलंय."