तारेचे दुसरे टोक

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो, आणि मला माझीच भीती वाटते.

आधी असे नव्हते. कारखान्यात एक जाड कांब लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली गेली आणि मी जन्मले. अंगावर जस्ताचा मुलामा चढला. दुकानाच्या खिळ्याला वेटोळे होऊन लटकत असताना धाकट्याने मला घरी आणले. भावंडांत तो शेवटचा, म्हणून मिशा पिकायला लागल्या तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत.

त्याने मला लाकडी खांबांना बांधून घेवड्याचा मांडव केला. सहा-सात वर्षे मी वेल पेलले. कोतवाल पक्षी माझ्यावर बसून अळ्या टिपायचे. धाकट्याची आई शेंगा तोडून झाल्या की माझा आधार घेऊन कंबर सरळ करायची आणि म्हणायची, "ही तार आहे म्हणून बरं." तेव्हा मला फार मोठेपणा वाटायचा.

मग मागच्या टेकडीवर खडी फोडण्याचे यंत्र आले. झाडी गेली. झाडीतली रानडुकरे खाली उतरली आणि त्यांनी मक्याचा अर्धा तुकडा आडवा केला.

"कुंपणाला लावायचं झटका मशीन मिळतं म्हणे," धाकट्याची बायको म्हणाली. "जनावर नुसतं दचकून पळतं. मरत नाही."

"ते पुढच्या वर्षी बघू. मका आत्ता उभा आहे."

त्याने मांडव सोडला आणि मक्याभोवती माझे दोन वळसे घातले, एक गुडघ्याएवढा, दुसरा कमरेएवढा. माझे टोक त्याने विहिरीच्या मोटारीच्या खोलीत नेले आणि थेट घरच्या विजेला जोडले.

"अहो, चुकून कुणाचा हात लागला तर?"

"अंधारात कोण येतंय इकडे? सकाळी उठल्या उठल्या बंद करीन. आणि आईला सांगू नकोस, उगीच घाबरेल."

आई घाबरली असती तर बरे झाले असते. तिच्या वाट्याची भीती मलाच मिळाली. दिवस मावळला की खटका दाबल्याचा आवाज यायचा आणि माझ्या अंगात असे काही शिरायचे की मी ज्याला शिवेन तो मरेल. मला मागे सरकता येत नव्हते. ओरडता येत नव्हते. वाऱ्याने मक्याचे पान हलले तरी मी हादरायचे.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला एक कोल्ही आली. ती रोजच यायची, उंदीर धरायला. माझ्याखालून वाकून जाताना तिची पाठ मला लागली. तिच्या अंगाला आलेला ताठरपणा मला अजून जाणवतो. ती पिलांना पाजणारी होती. धाकट्याने तिला बांधापाशी पुरले आणि कुणाला काही सांगितले नाही. करवंदीच्या जाळीतून दोन दिवस बारीक रडणे ऐकू आले. तिसऱ्या दिवशी ते थांबले. त्यानंतर मक्यात उंदीर माजले. रानडुकरे मात्र मला ओढल्यापासून त्या बाजूला फिरकलीच नव्हती.

मग तो दिवस आला. संध्याकाळी धाकट्याने खटका दाबला आणि थोड्याच वेळात वीज गेली. ती सकाळपर्यंत आलीच नाही. मी थंड होते, निवांत होते. उजाडले तरी धाकटा झोपून होता. आई मात्र उठली आणि गवत कापायला विळा घेऊन निघाली. मक्यातून जवळची वाट होती. ती माझ्याकडेच येत होती.

ती वीस-पंचवीस पावलांवर असताना वीज आली.

मित्रांनो, ते मला सांगता येत नाही. तिच्या पायातल्या वहाणांचा आवाज मी मोजत होते. तिने विळा डाव्या हातात घेतला. उजवा हात मोकळा ठेवला, मला धरून वाकायला.

घरात धाकट्याच्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला आणि त्या वाऱ्याने त्याला जाग आली. हे मला नंतर त्याच्याच बोलण्यातून कळले. तो दारात आला, त्याने आईला पाहिले आणि हाक मारली. खडीच्या यंत्राच्या धडधडीत हाक बुडाली. एक क्षण तो आईच्या दिशेने धावला, मग मध्येच वळून मोटारीच्या खोलीकडे सुटला. खटका वर गेला, माझ्यातली वीज तुटली. त्याच श्वासात आईचा हात माझ्यावर पडला.

हात ऊबदार होता. जिवंत होता.

"काय रे, अनवाणी कुठे पळत होतास?" आईने विचारले. तो खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. त्याने सगळे सांगितले, कोल्हीचेही.

आई म्हणाली, "पिलं रडत होती दोन दिवस. ती कोल्हीचीच का?"

त्याने मान डोलावली.

"मला वाटलं कुत्र्याची आहेत. उठून पाहिलं नाही मी." विळा तिथेच ठेवून ती घरात गेली.

धाकट्याने मला त्याच दिवशी सोडवून छपरीत टाकले. उरलेला मका तिघांनी पाळीपाळीने पत्र्याचा डबा वाजवून राखला. थोडा गेला, बराच राहिला.

पुढच्या हंगामात शेजारचा टेम्पोवाला आला. "तुझी ती तार दे. डुकरांनी भुईमूग उकरलाय."

धाकट्याने पक्कड घेतली आणि माझे हातहातभर तुकडे पाडले.

"अरे, चांगली तार होती की."

"काकडीचे वेल बांधायला ने. तेवढ्याच कामाची आहे ती. आणि झटका मशीन आणायचं तर मी येतो तुझ्याबरोबर."

टेम्पोवाला हसला आणि तुकडे न घेताच निघून गेला. धाकट्याने मला बांधावरच्या काकडीच्या वेलाला बांधले. काल त्याच्या भुईमुगाभोवती नवी तार चमकताना दिसली. तिला अजून काही माहीत नाही. झटका मशीन आणले की थेट विजेच्या तारेवर आकडा टाकला, हे मला इथून दिसत नाही, आणि संध्याकाळ होऊ लागली की माझा हा हातभर जीव थरथरतो.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. कुणी शेताला तार ओढताना दिसले, ते तुमचे बाबा असोत की काका, तर त्यांना विचारा, "हिचं दुसरं टोक कुठे आहे?" उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि हात लावू नका.