कोहळा फोडला की जोडणी टिकते

आयुधपूजेच्या दिवशी चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या त्या सहाव्या मजल्यावर एवढी माणसं चढली, की लिफ्टने कण्हत मान टाकली. शेजारच्या चार कंपन्यांची माणसंसुद्धा चमत्कार पाहायला आली होती. इथल्या कंपनीचं ॲप इस्पितळांतल्या नर्सना डॉक्टरांचे निरोप तत्क्षणी पोचवायचं; पण महिनाभर त्याची जोडणी सारखी तुटत होती. मांत्रिक सुब्बासामींनी तारांच्या कपाटासमोर कोहळा फोडून मांडी घातली, की तुटणं बंद. सामी उठले, की पुन्हा सुरू.

साहेब नारायणस्वामी हात जोडून उभे. सामींची टकळी चालली होती: कपाटात राहू शिरलाय, लिंबू तो शोषून घेतंय, प्रत्येकाने ॲपवर ओम् पाठवत राहावं, खंड पडता कामा नये. मग लिंबू धरलेला हात जननीकडे वळला.

"नवरा गेलेल्या बाईचा हात यंत्राला लागतो. म्हणून तुटतं."

जननी तिथली सर्वांत हुशार इंजिनियर. वर्षापूर्वी विधवा झालेली. साहेबांनी टाइप केलेला राजीनामा तिच्यापुढे सरकवला: संध्याकाळपर्यंत सही. पन्नास पदवीधर उभे होते, सगळे मान खाली घालून ओम् पाठवत राहिले. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

जननीने पेन उचललंच नाही. "सामी, तुम्ही बसा. बाकीच्यांनी फक्त दोन मिनिटं काही पाठवू नका."

खंड पडला तर कोप होईल, असं सामी गुरगुरले.

"म्हणजे शक्ती तुमची नाही, आमच्या बोटांची?"

कोणीतरी फिसकन हसलं. सामींना बसावंच लागलं. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा ठिपका होता. पन्नास सेकंद. अठ्ठावन्न. साठ. ठिपका लाल झाला. सामींचे डोळे मिटलेलेच.

"या कपाटात फक्त वायफायचं सामान आहे," जननी म्हणाली. "सर्व्हर भाड्याचे, शेकडो मैल लांब. गेल्या महिन्यात ॲप तिथल्या कंटेनरांत, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या कप्प्यांत, हलवलं आणि पुढे प्रॉक्सी बसवला. तो द्वारपाल. आलेली जोडणी योग्य कंटेनरकडे नेतो. साठ सेकंद आतून, सर्व्हरकडून, काही आलं नाही, की बोलणं संपलं समजून दार लावतो. ओम् चालू होते, त्यांची पोच येत होती, म्हणून दार उघडं होतं."

द्वारपाल बसवला होता नारायणस्वामींनीच, त्याची आयती साठ सेकंदांची मुदत न बदलता. जननीने पहिल्याच आठवड्यात तसं लेखी कळवलं होतं. स्वतःची चूक झाकायला त्यांना विधवेचं कपाळ सापडलं.

तिने मुदत तासाची केली. सर्व्हरने दर पंचवीस सेकंदांनी एक छोटीशी हाक द्यावी, अशी सोय केली. सामींना खाली पाठवलं. सगळ्यांचे हात खिशात. दहा मिनिटं झाली तरी ठिपका हिरवाच.

जननीने कागद परत सरकवला. "सर, यावर सही तुमची हवी."

यंत्राला सवाष्ण-विधवा कळत नाही, दिलेला आकडा तेवढा कळतो. चमत्कार दिसला तर नमस्काराची घाई करू नका; आपण त्या वेळी काय करतोय, ते थांबवून पाहा. आणि कुणी बाईच्या कपाळाकडे बोट दाखवलं, तर आधी त्याचा हात धरा.