चादरीखालचा सर्व्हर

मित्रांनो, इस्पितळाच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांना टेकून ठेवलेला मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या कामाची माहिती सांभाळणारा मोठा संगणक. माझ्याकडे एक्स-रे विभागाचे फोटो असत. रुग्णाचं नाव सांगताच मी फोटो पडद्यावर आणत असे. फोटो काढणारे काका मला 'म्हातारबा' म्हणत आणि येता-जाता पाठीवर थाप मारत.

पुढे नवा सर्व्हर आला. संगणक विभागाच्या ताईंनी माझ्याकडचे सगळे फोटो त्याच्यात उतरवले आणि मला बंद केलं. वाईट वाटलं, पण ते योग्यच होतं. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना मात्र नव्याशी जुळवून घेणं जमेना.

"याला फोटो सापडेपर्यंत माझी दाढी पिकेल. काका, म्हातारबाला उठवा. आणि ताईंच्या कानावर जाऊ देऊ नका."

काकांनी मला कपाटामागे सरकवलं, चालू केलं आणि वर चादर टाकली. मी किती हरखलो होतो! नवे फोटोही माझ्याकडेच येऊ लागले. पण ताईंच्या लेखी मी कधीच संपलो होतो. त्यामुळे या फोटोंची दुसरी प्रत कुणी ठेवली नाही, की माझी डागडुजी केली नाही.

मग एके दिवशी बातमी आली. आम्हा सगळ्या सर्व्हरांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी खोट सापडली होती. कुठेही दूर बसलेल्या परक्याने खास रचलेला निरोप पाठवला, तर यंत्र तो मालकाचाच हुकूम समजून पाळणार होतं. ताई जेवणाच्या ताटावरून उठल्या. प्रत्येक यंत्रावर त्यांनी दुरुस्ती चढवली आणि शेवटी आमच्या दारात आल्या.

"डॉक्टर, जुनं काही चालू ठेवलंय का? मी रागावणार नाही, पण आत्ता सांगा."

"अहो, तुम्हीच ना त्याचा गळा दाबलात? आता त्याचं भूत शोधताय होय!" डॉक्टर हसले. काका फरशीकडे बघत राहिले.

ताई माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

थोड्याच दिवसांत तो निरोप आला. मी पाळला. हुकूम पाळणं एवढंच मला शिकवलं होतं. परक्याने माझ्याच हातांनी माझ्याकडच्या एकेका फोटोला असं कुलूप घातलं, की तो कुणालाच उघडता येईना. गडबड कुठून होतेय याचा माग काढत ताई आल्या, चादर ओढली आणि माझी तार उपटली. बाकीचं इस्पितळ वाचलं. डॉक्टरांना त्या एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं."

त्याच सकाळी एक ट्रकचालक आला होता. त्याच्या छातीच्या फोटोत डाग दिसत होता. डाग जुनाच आहे की वाढतोय, हे गेल्या वर्षीच्या फोटोवरून कळलं असतं. तो फोटो मी चादरीखाली असताना काढलेला, म्हणून फक्त माझ्याकडे होता, कुलपात.

"अहो, इथेच काढला होता, याच खोलीत! नीट बघा ना," त्याची बायको पुन्हा पुन्हा सांगत होती.

थांबणं धोक्याचं, म्हणून त्याची छाती उघडून फुप्फुसाचा तेवढा भाग काढला. डाग जुनाच निघाला, निरुपद्रवी. पण आता त्याला ट्रकच्या पायरीवर चढतानाही धाप लागते, असं काका कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते.

चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले, "यंत्रच जुनाट. ऐन वेळी दगा दिला." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला इथे आणून टाकलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया असेल तर त्याची दुरुस्ती करा. ती जमणार नसेल तर त्याला खुशाल बंद करा, आम्हाला त्याचा राग येत नाही. पण झाकून राबवू नका. आणि कुणी दारात येऊन विचारलं, तर त्याच घडीला खरं सांगा. आमच्या ताई नोकरी सोडून गेल्या. आता त्या दारात विचारायला कुणी येत नाही.