पोत्यातली वाटी

मांजर पोत्यात आपणहून शिरली. ओरखडा नाही, झटापट नाही. सेबेस्टियनने तिची स्टीलची वाटी पोत्याच्या तळाशी ठेवली, तोंड उघडं धरलं आणि ती नेहमीसारखी शेपूट वर करून आत गेली. वाटीत सुक्या बोंबलाचे तुकडे होते. ती खात असतानाच त्याने पोतं सुतळीने बांधलं.

ही सव्वीस मेची सकाळ. नंदाखालच्या केळीच्या वाडीतल्या घरात सेबेस्टियन एकटाच राहत होता. बायको मेरी जाऊन वर्ष होत आलं होतं. मांजर खरं तर मेरीचीच. म्हणजे होती भटकी, एक कान फाटलेली, पण मेरी रोज सकाळी धुण्याच्या दगडावर वाटी तीनदा आपटायची आणि ती विहिरीमागून धावत यायची. मेरीला पुरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मांजर त्या दगडापाशी येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. सेबेस्टियनने आयुष्यात कोंबडीलाही दाणा टाकला नव्हता. चौथ्या दिवशी त्याने वाटी आपटली.

तिने त्याला सहज जवळ केलं नाही. नाताळपर्यंत ती दोन हात लांब बसून खायची. उपासकाळात एकदा पायाला अंग घासून गेली. ईस्टरनंतर मात्र ती दुपारी त्याच्या खुर्चीखाली झोपू लागली, आणि ती उठेपर्यंत खुर्ची हलवायची नाही असा त्याने आपल्यापुरता नियम केला.

मुलगा नेल्सन आणि सून जोआना आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहत. त्यांना एप्रिलमध्ये मुलगी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाळाला घेऊन ती दोघं नंदाखालला राहायला येणार होती. बाप्तिस्म्याच्या जेवणात जोआनाची मावशी म्हणाली, "तान्ह्या बाळाच्या घरात मांजर बरी नव्हे." जोआना काही बोलली नाही, बाळाचं टोपडं नीट करत राहिली. सेबेस्टियनने ते न बोलणं ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला. सांगायची वेळ न येऊ देता काम उरकणारा माणूस, अशी त्याची गावात ख्याती होती. त्याला स्वतःलाही तिचा अभिमान होता.

मांजर घालवायची रीत त्याला ठाऊक होती. पोतं उजवीकडून तीनदा फिरवायचं, म्हणजे तिला दिशा कळत नाही. आणि सोडायची ती बंदरावर, कारण तिथे मासळी असते. बंदरावर सोडलेल्या मांजराचं पाप लागत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. बापाने तीन मांजरी अशा सोडल्या होत्या.

स्कूटरच्या पायाशी पोतं ठेवून तो आगाशीवरून अर्नाळ्याला गेला. वाटेत पोत्यातून आवाज आला नाही. बंदरावर झुंबड होती. पाट्या भरून मांदेली, कोळंबी, ढोमी, बायकांचा गलका, वाळूत पसरलेली माशांची डोकी आणि आतडी. पाचसहा मांजरी पोट फुगेपर्यंत खाऊन सावलीला पडल्या होत्या. ते बघून सेबेस्टियनला बरं वाटलं. त्याने सुतळी सोडली. ती बाहेर आली, तिने त्याच्याकडे बघितलं आणि एका होडीखाली गेली. रिकामी वाटी त्याने पोत्यातून काढून घरी आणली. ती तिथेच ठेवायला हवी होती, हे त्याला घरी आल्यावर सुचलं.

चार दिवसांनी भागूबाई आली. अर्नाळ्याची भागूबाई नंदाखालच्या वस्तीवर वीस वर्षं मासळी विकत होती. मागच्या ओट्यावर बसून ती मासे कापून द्यायची आणि डोकी मांजरीला टाकायची. तिची हाक गल्लीच्या तोंडाशी असतानाच मांजर ओट्यावर हजर असे.

आज तिने पाटी उतरवली आणि इकडेतिकडे बघितलं.

"मांजरी कुठं गेली, भाऊ?"

"गेली कुठेतरी."

"कुठंतरी? या घरात माझी इज्जत करनारी ती एकच होती. तुम्ही तर भाव पाडूनच मागता."

"येईल परत."

"मांजर घर नाय सोडत. मानसं सोडतात." तिने कोयता पुसला. मुशीचं डोकं तरीही ओट्याच्या कडेला ठेवलं. "आली तर हे घाला तिला. आता दोन महिने मी नाय."

"का?"

"का म्हंजे? एक तारखेपासून मासेमारी बंद. बोटी वर काढून घेतल्या आमच्या. या पाटीत आहे ते शेवटचं."

सेबेस्टियन मुशीच्या डोक्याकडे बघत राहिला. अडुसष्ट पावसाळे त्याने इथेच काढले होते. जून-जुलैत ताजी मासळी मिळत नाही, सुकटीवर भागवायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण ते त्याच्या ताटापुरतं. बंदर रिकामं असतं हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. त्या दोन महिन्यांत त्याला तिथे जायचं कामच पडत नसे.

भागूबाईला सांगावं असं त्याच्या मनात आलं. तिने पाटी डोक्यावर चढवली तेव्हाही आलं. तो म्हणाला, "सांभाळून जा."

तीन जूनला नेल्सन आणि जोआना बाळाला घेऊन आली. बाळाला आत निजवून जोआना पिशव्या सोडू लागली. एका पिशवीतून पाळण्यावर घालायची जाळी निघाली.

"मच्छरदाणी आहे की घरात," सेबेस्टियन म्हणाला.

"ती मऊ आहे, पप्पा. ही ताठ आहे. मांजरीने उडी मारली तरी खाली येत नाही. नेल्सनने शोधून आणली." मग तिने खुर्चीखाली वाकून बघितलं. "कुठे आहे ती? मम्मीची मांजर?"

"मावशी म्हणाली होती ना..."

"मावशी काय, बाळाला केळंसुद्धा दाखवू नका म्हणते. या वाडीत." जोआना हसली. मग सासऱ्याचं तोंड बघून थांबली. "पप्पा, तुम्ही काय केलंत?"

त्याने सांगितलं. ती रागावली नाही. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली आणि जाळी घडी करून कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटी आणि डब्यात जवळा-भात घेऊन अर्नाळ्याला गेला. होड्या वाळूवर ओढून त्यांच्यावर निळी प्लॅस्टिकं बांधली होती. जिथे पाट्या होत्या तिथे नुसती वाळू होती. त्याने एका होडीच्या फळीवर वाटी तीनदा आपटली. मांजरी आल्या, सात. कुणाचाच कान फाटका नव्हता. त्यांनी भात खाल्ला, वाटी चाटली आणि आणखी आहे का म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तो रोज जाऊ लागला. पाचव्या दिवशी मागून आवाज आला.

"काय भाऊ, मासेमारी बंद म्हनून भांडी विकायला काढली काय?"

भागूबाई जाळ्याचा भारा घेऊन उभी होती. सेबेस्टियनने वाटी खाली ठेवली आणि या वेळी सगळं सांगितलं, पोत्यातल्या बोंबलासकट. ऐकता ऐकता तिने भारा खाली ठेवला.

"त्या दिवशी मी ओट्यावर बसून विचारत होते तुम्हाला. तवाच बोलला असता तर संध्याकाळी माझ्या दारात असती ती. आमी सुकट खातो तवा मांजरीला पन देतोच की."

सेबेस्टियन वाकून वाटीतली वाळू झटकू लागला.

दोन दिवसांनी मांजर दिसली. शेवटच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकाला, बरगड्या मोजता येतील अशी. फाटका कान आवाजाकडे वळला. त्याने वाटी पुन्हा आपटली, हळू. ती खाली उतरली, अर्ध्या वाटेवर आली, आणि त्याचा हात पोचणार नाही अशा जागी बसली. तो एक पाऊल पुढे झाला. ती दोन पावलं मागे गेली. नाताळाआधी ती जिथे बसायची, त्याहूनही लांब.

भागूबाई मागून बघत होती. "पोतं आनलंय काय?"

"नाही."

"मग न्यायची कशी?"

न्यायची तर पुन्हा फसवूनच न्यावी लागणार होती. त्याने भाताचा डबा आणि वाटी तिच्या हातात दिली.

"तू वाजव."

"मी? तुमचीच वाटी ती."

"तुझी हाक तिला ठाऊक आहे. मी तिकडे उभा राहतो."

तो एका होडीआड गेला. तिथून मांजर दिसत नव्हती, आणि मांजरीलाही तो दिसत नव्हता. भागूबाईने गल्लीत द्यायची तशी हाक दिली आणि फळीवर वाटी आपटली. एक, दोन, तीन. थोडा वेळ काहीच नाही. मग वाटी वाळूत सरकल्याचा आवाज आला.

"खातेय," भागूबाई बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही नका येऊ."

तो आला नाही. प्लॅस्टिकला टेकून, वाटी रिकामी होईपर्यंत उभा राहिला.